मेढ्याची जिवाणी

आमच्या वखारीत झोपलेलं माणूस सकाळी पिवळं होऊन उठतं. थाप नाही मारत. वखारीचे मालक तवनाप्पा, त्यांच्या हयातीत इथं हळदीची पोती पार आढ्याला टेकायची. तवनाप्पा गेले, व्यापार गेला, पोती गेली, हळद मात्र काही केल्या गेली नाही. ती भिंतींच्या भेगांत बसली, फरशीच्या सांध्यांत बसली, आणि वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आली की अजून आपली निवांत हिंडत असते. आम्ही तिथं कॉट टाकून झोपतो. सकाळी टाचा पिवळ्या, कोपरं पिवळी, आणि कुशीवर झोपणाऱ्याचा एक गालही पिवळा.

पहिल्या सकाळी आरशात बघितलं आणि गाल पुसायला उचललेला हात मी तसाच खाली घेतला. आमच्यासारख्यांना घरचं कुणी हळद लावायला बसणार नाही, हे आम्ही कधीच धरून चाललेलो. इथं ती न मागता, झोपेत लागत होती.

भरतेशला हे सांगितलं तर तो म्हणाला, "लय मनावर घेऊ नगंस. मला रोज लागतीया, नवरा काय अजून आलेला न्हाई."

भरतेश कुंडलचा. कुपवाडच्या एका फाउंड्रीत साचे भरतो. त्याचं एका मुलावर प्रेम आहे हे घरी कळलं, तेव्हा त्याच्या भावांनी त्याला गाडीवर बसवून पलूसच्या फाट्यावर सोडलं आणि मागं वळून न बघता निघून गेले. मी मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. घरच्यांनी ठेवलेलं नाव जयराज, मी घेतलेलं शिवांजली. वखारीतल्या प्रत्येकाची अशी एकेक कहाणी आहे. आम्ही त्या एकमेकांना सांगत बसत नाही. सगळ्यांच्या एकाच ठिकाणी येऊन संपतात, उगाच वेळ कशाला घालवा.

सांगलीहून कुपवाडकडं जाताना एक जुना आड लागतो, त्याच्या मागं ही वखार. पुढच्या दोन खोल्यांत तवनाप्पांच्या पत्नी विजयमाला राहतात. सगळे त्यांना आक्का म्हणतात. घरातून काढलेल्या आमच्यासारख्या पोरांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिच्या ब्राह्मीताई जागा शोधत गावभर फिरल्या होत्या. लोकांनी त्यांना काय काय विचारलं ते त्या अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचे कान लाल होतात. आक्कांनी एकच प्रश्न विचारला.

"कांदा-बटाटा खात्यात का?"

ताई म्हणाल्या, बाहेर खातील, आत नाही. आक्कांनी किल्ली काढून दिली.

त्यांच्या अटी तीन. कंदमुळं आत आणायची नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि गाळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. ताईंची अट एकच. कुणाच्याही घरी त्याला विचारल्याशिवाय तो इथं आहे हे कळवायचं नाही. ताईंनी आम्हाला कामं मिळवून दिली, डॉक्टर शोधून दिले, रडू आलं की कुणाला फोन करायचा ते सांगितलं. पण आम्ही रात्री डोळे मिटू शकलो ते त्यांच्या त्या एका अटीमुळं. आपल्याला इथून कुणी उचलून नेणार नाही, हे माहीत असल्यावर झोपेत माणूस फार लांब लांब जाऊन येतं.

मी तर मुलखाची झोपाळू. माझी शिफ्ट दुपारची, पॅकिंगची. सकाळी उशिरापर्यंत लोळायला मिळायचं. थंडी सरत आली होती, उसाला तुरे आले होते, आणि पहाटेचं धुकं वखारीच्या दारापर्यंत येऊन थांबायचं. त्या धुक्यात रहाटाचा करकर आवाज यायचा. आक्का पाणी काढायच्या. अर्धवट झोपेत मला वाटायचं, आई कळशी घेऊन झऱ्याकडं निघालीय. आमच्या घरामागं डोंगरातून झरा येतो, दगडाच्या कुंडात पडतो, आणि त्या कुंडाच्या काठावर मी लहानपणी आईचा पदर डोक्यावर घेऊन बसायची. तेव्हा कुणी हसायचं नाही. लहान पोराला सगळं माफ असतं, अडचण मोठं झाल्यावर होते.

एके दिवशी उठून बाहेर गेले आणि आक्का काय करतात ते नीट बघितलं. नळाचं पाणी दारात असताना ही बाई आडाचं पाणी काढते, दुहेरी कापडातून गाळते. इथवर ठीक. पुढं ते कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हळूच खळबळते, आणि ते धुवण एका पितळी तांब्यात धरून परत आडात सोडते.

"हे काय ओ आक्का? गाळलेली घाण परत त्यातच?"

"घाण कुटली गं? जीव हायत त्ये," आक्का म्हणाल्या. "कापडावर राहिलेलं. त्येला जिवाणी म्हनत्यात. ज्या आडातलं त्याच आडात गेलं पायजे. दुसऱ्या पान्यात टाकलं तर जगत न्हाईत."

तो तांब्याही निराळाच होता. बुडाला कडी, तिला दोरी बांधलेली. दोरीचा पुढचा भाग काठाच्या आकडीत अडकवलेला, म्हणजे खाली जाताना तांब्या सरळ राहतो. पाण्याला टेकला की आकडी सुटते, दोरीला हिसका दिला की तांब्या पाण्यातच पालथा होतो.

"एवढं कशापायी? वरनंच ओतायचं की."

आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या नातवंडाला आडात टाकायला सांगितलंय.

"वरनं टाकल्यावर मरत्यात गं. इवलंसं जीव त्ये. पान्याला टेकवायचं, मग सोडायचं."

तो तांब्या त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. भरतेशला सुद्धा नाही, आणि तो तर त्यांच्याच जैन समाजातला, सगळं शिकून आलेला. मला त्या दिवशी हसू आलं. पण दुपारी पॅकिंगच्या टेबलावर उभी असताना ते हसू कुठं तरी विरघळलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी ही बाई रोज एवढी दोरी सोडते. मला तर आमच्या आबांनी, सख्ख्या बापानं, चांगल्या सहा फुटांच्या ओट्यावरून खाली टाकलं होतं. आधी बॅग, मागून मी. आबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. फेक चांगली होती.

आता आक्कांनी काय केलं ते सांगते. त्यांचा मला अजूनही राग येतो, आणि अजूनही मी तो त्यांच्यावर फार वेळ धरू शकत नाही.

आक्का पहाटे पाण्याला जाताना माझ्या कॉटजवळून जायच्या तेव्हा मी झोपेत बोलत असायचे. "आये, कुंड भरलं बघ," असं काहीतरी. एकदा नाही, रोज. आक्कांच्या जिवाला ते लागलं. एका दुपारी वाती वळता वळता त्यांनी मला विचारलं, "कुनाची गं तू?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तू काय आहेस, हे सगळ्यांनी विचारलं. कुणाची आहेस, हे कुणीच नाही. मी भडाभडा सांगत सुटले. आमची वाडी, आबांचं नाव आकाराम, आईचं मंगल, झरा, कुंड, ओट्यापुढचा फणस. आक्का वाती वळत राहिल्या, आणि मनात त्यांचा हिशेब जुळला. हे पोरगं दुसऱ्या पाण्यातलं, चुकून आपल्या कापडावर राहिलंय. ते त्याच्या पाण्यात परत सोडलं पाहिजे. न सोडलं तर आपल्याला पाप.

मेढ्याच्या बाजारातला एक किराणा दुकानदार पूर्वी तवनाप्पांकडून हळद न्यायचा. व्यापाऱ्यांची ओळख पोती संपली तरी संपत नाही. आक्कांनी त्याच्याकडून आबांचा नंबर मिळवला आणि फोन केला. ताईंची अट त्यांना पाठ होती. पण ती माणसांनी केलेली अट, आणि ही धर्माची. धर्मापुढं त्यांनी माझं लावून घेतलेलं दार सताड उघडून दिलं.

रविवार होता, सुट्टी. मी नहाण घेऊन अंगणात उन्हाकडं पाठ करून बसले होते. केस खांद्याच्या बरेच खाली आलेले, ते मोकळे सोडले होते. उन्हात हळदीचे कण तरंगत होते, मी त्यांच्याकडं बघता बघता जवळजवळ झोपलेच होते.

"शिवांजली," आक्कांचा आवाज हरखलेला, "बग तरी कोन आलंय."

फाटकात आबा उभे होते. ताठ, गुळगुळीत दाढी, खांद्याला तीच हिरव्या कापडाची फौजेतली पाण्याची बाटली. ते कुठंही गेले तरी घरच्या झऱ्याचं पाणी बरोबर नेतात, बाहेरचं त्यांना सोसत नाही. मी उठले आणि मागं सरकले. पाठीला आडाचा कठडा लागला तेव्हा थांबले.

वखारीच्या दारातून भरतेश आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

आबांनी आधी माझे केस बघितले. बराच वेळ. मग नजर बाजूला नेली.

"कसा हाईस?"

"बरी हाय."

आक्कांनी खुर्ची दिली, त्यावर ते परेडला बसल्यासारखे बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. खाली फरशीकडं बघत म्हणाले, "परवा जत्रा हाय."

मी मोकळे केस गोळा करून पाठीमागं टाकले.

"गावात सांगितलंया, तू फौजेत गेलाईस म्हनून."

मला एकदम हसू फुटलं. आमच्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत. तिथं ही थाप मारायची म्हणजे सुताराला बाभूळ साग म्हणून खपवण्यासारखं. "आनि पटलं लोकास्नी?"

"सुरवातीला पटलं. आता नाथाजी फौजेतनं रिटायर हून आलाय. त्यो इचारतोय, कंचं सेंटर, कंची बॅच. किती दिस टोलवायचं?" आबांनी हातावर हात चोळले. "जत्रंत फौजी पोरांचा सत्कार हाय. दोन दिसाचा प्रश्न. वाटंत सातारला केस बारीक करू, मापाची कपडं घिऊ. उबा ऱ्हा, नारळ घे. दोन दिस घरात काड, मग ये की हिकडं परत. मी न्हाई म्हनत न्हाई."

"आनि आई?"

"तीच म्हनली, घिऊन या. तुजी वाकळ उन्हात टाकलीया तिनं."

इथं मी संपले. बाकी सगळं मी परतवलं असतं, वाकळ नाही. आईच्या जुन्या लुगड्यांची ती वाकळ, ओट्यावर पसरलेली, दुपारभर ऊन पिऊन फुगलेली, आणि रात्री तिच्यात शिरल्यावर येणारा तो वास. मी डोळे मिटले आणि मी तिथं होतेच. धुकं फणसाखाली बसलंय, झरा कुंडात पडतोय, आई चुलीपुढून वळून बघतेय. केस काय, परत वाढतात. दोन दिवस मी जयराज होईन. वीस वर्षं होतेच की. ओळीत उभी राहीन, नारळ घेईन, आणि संध्याकाळी वाकळेत शिरून आईचा हात पाठीवर घेईन. मला माहीत होतं की मी स्वतःला विकतेय, आणि मला ते स्वस्त वाटत होतं.

"जा बाळ," आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "ज्या आडाचं त्या आडात."

"आक्का, जरा थांबा," भरतेश म्हणाला. मग माझ्या कानाशी, हळूच, "शिवा, केस एकदा कापलंस की फुडच्या जत्रंला परत कापाय लागतील."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आबांनी बाटलीचं झाकण फिरवून ती माझ्यापुढं धरली.

"घे. घरचं हाय."

मी हात पुढं केला, तोच आक्का मध्ये आल्या. "थांब. गाळल्याबिगर न्हाई."

"अवं, झऱ्याचं पानी हाय त्ये. आरशावानी," आबा जरा चिडून म्हणाले.

"असू द्या की. हितली रीत हाय."

आक्कांनी दुहेरी कापड कळशीच्या तोंडावर धरलं आणि बाटली वाकडी केली. पाणी कापडावर पसरलं, उन्हात चमकलं, खाली उतरलं. त्यांनी पेला भरून मला दिला. मी प्यायले. दगडाची, शेवाळाची, पितळी कळशीची ती चव जिभेला लागली आणि मी सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली नाही. आबांनी मान फिरवली.

इकडं आक्का आपल्या सवयीनं पुढं चालल्या होत्या. कापड उलटं केलं, हळूच खळबळलं, ते धुवण पितळी तांब्यात धरलं, आकडी अडकवली, कठड्याशी आल्या, दोरी हातात घेतली. आणि थांबल्या.

"हे हितलं न्हवं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तांब्या हातात घेऊन त्या तशाच उभ्या. आत बघितलं, मग माझ्याकडं, मग आबांकडं. रहाट वाऱ्यानं किंचित करकरत होता. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला, आणि तो लांब गेल्यावर आक्का आबांकडं वळल्या.

"आकारामदादा, दोन दिसानंतर काय म्हनालासा?"

"परत हिकडं. सुट्टी सपली की फौजी जातोच."

"आनि फुडच्या जत्रंला?"

"सुट्टी मिळाली न्हाई म्हनून सांगायचं."

"कवापतूर?"

आबांनी गुडघ्यावर बसलेली हळद झटकली. "मी हाय तवर," ते म्हणाले.

खोटं नव्हतं ते. मरेपर्यंत हे ओझं मी वाहीन, असंच ते सांगत होते, आणि त्यात त्यांची माया होती हे मला तेव्हाही कळलं. पण त्या मायेत मला जागा नव्हती. जागा होती ती कुठल्याशा थंड प्रदेशात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या एका पोराला.

"मग पोरीला आत कवा घेनार?" आक्कांनी विचारलं.

आबा हातातलं बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"हिला बाहेर कसं काडलं तुमी?"

आबा फरशीकडंच बघत होते. मग मीच बोलले. "वरनं, आक्का. ओट्यावरनं. आदी बॅग, मागनं मी."

आक्का कठड्यावर मटकन बसल्या. तांब्या मात्र त्यांनी सरळच धरला होता. त्यांचा चेहरा आक्रसला होता, आणि एवढ्या वयाची बाई आता रडेल की काय म्हणून मी घाबरले.

"माजं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "तुज्या आडाला पानीच न्हाई हे मी इचारलंच न्हाई. काठापतूर न्हेऊन मी तुला वरनं टाकत हुते."

मी डोळे पुसले. वाकळ अजून डोळ्यांपुढं होती, ऊन पीत पडलेली. आईच्या हाताचा भास पाठीवर होता. ते सगळं तिथंच ठेवून मी बोलले, आणि आयुष्यात इतकं जड वाक्य मी दुसरं बोललेली नाही.

"आबा, मी येत न्हाई. आयेला म्हनावं, वाकळ आत घे."

आबा उठले. बाटलीचं झाकण लावायला लागले, ते दोनदा वाकडं बसलं. भरतेश त्यांना वाट द्यायला बाजूला सरला. तेवढ्यात आक्का उठल्या, तांब्याची दोरी सोडवली, त्याच्या तोंडावर ओलं फडकं बांधलं, आणि तो तांब्या सरळ आबांच्या हातात दिला. जो त्या आम्हाला शिवू देत नव्हत्या, तोच.

"तुमच्या पान्यातलं हे एवढंच हाय हितं. हे न्या. पोरगी हितली हाय."

आबांनी फडक्याची कड उचलून आत बघितलं. "ह्यात काय दिसत न्हाई."

"दिसत न्हाई, पर हाय. आजच पोचलं पायजे. झऱ्यावर गेल्यावर वाकायचं, तांब्या पान्याला टेकवायचा, मग सोडायचं. वरनं टाकायचं न्हाई. मरत्यात."

आबा काय म्हणतात याची मी वाट बघत होते. ठेवून देतील, हसतील, म्हातारी येडी हाय म्हणतील. पण फौजेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात कुणी वस्तू दिली आणि वर हुकूम दिला, की त्याला नाही म्हणता येत नसावं. त्यांनी तांब्या छातीशी धरला, वर तळहात झाकला, आणि फाटकातून बाहेर पडले. माझ्याकडं बघितलं नाही. पण चालताना पाऊल जपून टाकत होते, एवढं मी बघितलं.

दुपारी ब्राह्मीताई आल्या. आक्कांनी आपण होऊन सगळं सांगितलं. ताई आवाज न चढवता आक्कांना जे बोलल्या ते ऐकायला मीही थांबले नाही. आक्कांनी उलट उत्तर केलं नाही. त्या दिवशी त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

मी कॉटवर पडून राहिले. झरोक्यातून येणारी तिरीप भिंतीवरून सरकत होती, हळद तिच्यातून ये-जा करत होती, आणि मी डोळे उघडे ठेवून आबांच्या बरोबर एसटीतून चालले होते. तांब्या त्यांच्या मांडीवर. कऱ्हाड गेलं, सातारा आलं, मेढ्याची गाडी लागली, घाटाची वळणं सुरू झाली. दर वळणाला मी त्यांना मनात म्हणत होते, आबा, धरा. मग माझाच मला राग यायचा. कशाला धरतील?

"स्टँडवरच वतलं असंल," भरतेश माझ्या पायथ्याशी बसून म्हणाला.

"व्हय. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार."

असं म्हटलं खरं, पण मनातल्या मनात मी घाट चढतच राहिले.

दिवस कलला. जेवणं उरकली, माझ्या घशाखाली काही उतरलं नाही. आक्का संध्याकाळचं पाणी काढायला आडावर आल्या, मीही मागं गेले. ऊन उतरून उसाच्या तुऱ्यांवर गेलं होतं, वखारीची भिंत पिवळी पडून हळूहळू विझत होती. आक्कांनी पाणी गाळलं, कापड खळबळलं, धुवण एका साध्या तांब्यात धरलं. त्यांचा कडीचा तांब्या मेढ्याला गेला होता ना. त्यांनी ह्या तांब्याच्या गळ्याला एक दोरी बांधली, बुडाला दुसरी गुंडाळून बांधली, आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या.

"आज तू सोड."

"मी?"

"तुजाच आड हाय. हळू."

तांब्या कठड्याच्या आत सोडला तोच आक्कांच्या कमरेचा फोन वाजला. त्यांचे हात ओले, म्हणून भरतेशनं तो काढला, बघितलं, आणि स्पीकर लावून त्यांच्यापुढं धरला.

"पोचलो," आबांचा आवाज आला. मागं पाणी पडत होतं. दगडावर, कुंडात. तो आवाज मी झोपेतही ओळखते.

"सांडलं का?" आक्कांनी विचारलं.

"थोडं. सातारच्या स्टँडात धक्का लागला येकाचा."

"बरं. मग?"

"सोडलं."

पाणी पडत राहिलं. मला वाटलं, फोन ठेवतील आता.

"सांगा म्हनावं," आबा म्हणाले, "वाकून सोडलं. गुडगं टेकून. वरनं न्हाई टाकलं."

फोन बंद झाला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, ना जुनं ना नवं. आईनं वाकळ आत घेतली का, तेही कळलं नाही. भरतेश फोन हातात धरून उभा होता. मी रडत होते, पण दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसायला मोकळं काहीच नव्हतं. आक्कांनी आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं.

"सोड गं," त्या म्हणाल्या. "खोळंबल्यात ती."

मी दोरी सोडत गेले. आड खोल आहे, खाली अंधार होता, तांब्या दिसेनासा झाला. मग हातातली दोरी सैल पडली. टेकला. मी क्षणभर तसाच राहू दिला आणि मग बुडाची दोरी हळूच ओढली.